कॅरॅव्हॅन आणि तंबूच्या सुट्टीसाठी ठिकाण कसं निवडावं : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सुट्टीचा बेत ठरू लागला की घरात पहिला प्रश्न निघतो, "काय काय बघायचं?" कॅरॅव्हॅन किंवा तंबू घेऊन निघणार असाल तर पहिला प्रश्न "कुठे झोपायचं?" हा असू द्या, असा माझा कळकळीचा आग्रह आहे. हॉटेलात उतरणाऱ्याला खोली कशीही मिळाली तरी चार भिंती आणि छप्पर मिळतंच. आपलं घर म्हणजे तिथली जमीन, तिथला वारा, तिथलं पाणी. दुपारी तीनला पोहोचून दुसऱ्या दिवशी सकाळी नऊला निघालात, तर २४ पैकी १८ तास त्या एका जागेवर आणि तिच्या आसपास जातात. बघायची ठिकाणं उरलेल्या वेळात बसवता येतात. मुक्काम चुकला तर मात्र दुसरा दिवसही हातचा जातो.

गाडी कुठली आहे यावर ठिकाण बदलतं का?

बदलतं, आणि बहुतेकांच्या अंदाजापेक्षा जास्त. मागे जोडून ओढायची कॅरॅव्हॅन एकदा लावली की पुढची गाडी मोकळी होते. त्यामुळे असा एक तळ शोधावा, जिथून तासाभराच्या टापूत तीन-चार दिवस पुरेल इतकं बघायला आहे. रोज मुक्काम हलवणं या गाडीला मानवत नाही. जोडणं, सोडणं, समतल करणं यातच सकाळ-संध्याकाळ संपते.

मोटरहोमचं, म्हणजे इंजिन आणि घर एकाच गाडीत असतं तिचं, नेमकं उलट. दूध आणायला जायचं तरी अख्खं घर आवरून निघावं लागतं. म्हणून तिच्यासाठी एका रेषेतला प्रवास बरा, किंवा अशी जागा जिथून पायी वा सायकलने सगळं गाठता येतं. तंबूवाल्यांना जागेची मुभा सगळ्यात जास्त आणि हवामानाची सगळ्यात कमी. त्यांनी आधी ऋतू ठरवावा, मग ठिकाण.

एका दिवसात किती अंतर धरावं?

या छंदातल्या जुन्या मंडळींचा एक ठोकताळा आहे, तीनाचा : दिवसाला ३०० किलोमीटरच्या आत, दुपारी ३ च्या आत पोहोचायचं, आणि एका जागी निदान ३ रात्री. काही देशांत यातलं अंतर मैलांत मोजतात. ओढायची कॅरॅव्हॅन मागे असेल तर माझ्या मते किलोमीटरच धरावेत. नकाशाचं ॲप जो वेळ दाखवतं तो मोकळ्या कारचा असतो. त्यात सरसकट एक तृतीयांश भर घाला, घाटरस्ता असेल तर त्याहून जास्त.

तीन रात्रींचं कारण साधं आहे. पहिला दिवस पोहोचण्यात जातो, शेवटचा निघण्यात. दोनच रात्री राहिलात तर त्या जागेचा पूर्ण असा एकच दिवस हाती लागतो, आणि त्या दिवशी पाऊस आला तर तोही नाही.

तिथपर्यंतचा रस्ता आपल्या गाडीला झेपेल हे कसं कळावं?

गाडीची उंची, रुंदी, लांबी आणि भरलेलं वजन कागदावर लिहून चालकाला दिसेल असं चिकटवा. उंची मोजताना छतावरचा एसी, सोलर पॅनल, अँटेना सगळं धरा. खालून जायचे पूल, बोगदे आणि झाडांच्या फांद्या कंपनीच्या माहितीपत्रकातली उंची विचारत नाहीत.

मग शेवटचे १० किलोमीटर उपग्रहाच्या छायाचित्रात सावकाश बघा. हमरस्ता चांगलाच असतो. अडचण शेवटच्या फाट्यानंतर सुरू होते. अरुंद रस्त्यावर समोरून गाडी आली तर बाजूला घ्यायला जागा आहे का? रस्ता पुढे संपत असेल तर वळवायला मोकळं मैदान आहे का? कॅरॅव्हॅन जोडलेली असताना अरुंद बोळातून दोनशे मीटर रिव्हर्स घेणं मुरलेल्या चालकालाही घाम फोडतं.

घाटात चढण्यापेक्षा उतरणं अवघड. खालच्या गिअरमध्ये इंजिनाच्या ताकदीवर गाडी रोखत उतरायचं. ब्रेकवर सतत पाय राहिला तर ब्रेक तापतात आणि धरेनासे होतात. उंचीवर हवा विरळ होते, त्यामुळे टर्बो नसलेल्या इंजिनाची ताकद दर १००० मीटरला साधारण दहा टक्क्यांनी घटते. ठिकाण खिंडीपलीकडे असेल तर हे गणित घरीच करून ठेवावं.

नकाशावर जागा सुंदर दिसते. प्रत्यक्षात रात्र कशी जाईल हे आधी ओळखता येतं का?

बरंचसं येतं. सगळ्यात जास्त वेळ मी यावरच घालवतो.

पहिली गोष्ट म्हणजे थंडी. दरीच्या तळाशी, ओढ्याकाठी, मऊ गवताची सपाट जागा फोटोत सगळ्यात देखणी दिसते. पण रात्री आभाळ निरभ्र असलं आणि वारा पडला की उतारावरची हवा गार होते, जड होते आणि घरंगळत तळाशी येऊन साचते. मी एकदा अशाच हिरवळीवर तंबू ठोकला. पहाटे जाग आली तेव्हा तंबूचं कापड आतून ओलं होतं, बाहेरून पत्र्यासारखं कडक झालं होतं, आणि तणाव्यांवर, म्हणजे तंबू ताणून धरणाऱ्या दोऱ्यांवर, पांढरं हिम धरलं होतं. उतारावर जेमतेम तीस-चाळीस मीटर वर एक कुटुंब उतरलं होतं. त्यांच्या तंबूवर दवाचा थेंब नव्हता आणि त्यांची मुलं स्वेटर न घालता दात घासत होती. तेव्हापासून मी नकाशावरच्या समोच्च रेषा, म्हणजे सारख्या उंचीच्या जागा जोडणाऱ्या रेषा, आधी बघतो. तळापासून थोडी वर, माथ्यापासून थोडी खाली अशी सपाट पायरी सापडली तर ती सोडत नाही. माथ्यावर वारा झोडपतो, तळाशी गारठा साचतो.

दुसरी गोष्ट पाणी. कोरड्या प्रदेशात उपग्रहाच्या छायाचित्रात गर्द हिरवी रेघ दिसली तर तिथून पाणी वाहतं, आज कोरडं असलं तरी. तिथे पोहोचल्यावर झुडपांच्या फांद्यांकडे बघा. काटक्या, वाळलेलं गवत, प्लास्टिकचे तुकडे जितक्या उंचीवर अडकलेले दिसतील, तितकं पाणी पूर्वी येऊन गेलं आहे. वरच्या डोंगरात पाऊस पडला तर डोक्यावर निळं आभाळ असतानाही कोरड्या पात्रात लोंढा येऊ शकतो. कोरड्या पात्रात मुक्काम नको म्हणजे नकोच, एका रात्रीपुरताही नाही.

तिसरी गोष्ट झाडं. सावली हवी, पण सावली कुठल्या झाडाची हे बघा. वाळलेल्या, पोखरलेल्या फांद्या वर दिसल्या तर खाली झोपू नका. ऑस्ट्रेलियात नदीकाठचे रेड गम जातीचे प्रचंड निलगिरी वृक्ष वारा नसलेल्या गरम दिवशीही धडधाकट दिसणारी अख्खी फांदी टाकून देतात. तिथले जाणते लोक त्यांच्याखाली तंबू लावत नाहीत.

चौथी गोष्ट जमीन. पोहोचल्यावर टाच जोरात दाबून बघा. टाच सहज रुतली आणि खळग्यात ओल दिसली तर तिथे कॅरॅव्हॅन नेऊ नका. रात्री पाऊस झाला की सकाळी चाकं जागच्या जागी फिरतील. तंबूसाठी मेख धरेल इतकी घट्ट आणि पाणी मुरेल इतकी सैल जमीन लागते.

दिशेबद्दल थोडंसं. थंडीत दार पूर्वेला ठेवा, कोवळं ऊन आत येतं आणि दव लवकर वाळतं. उन्हाळ्यात मात्र पूर्वेला झाडोरा असेल अशी जागा घ्या, नाहीतर सकाळी सातलाच तंबूची भट्टी होते.

समुद्रकिनारी मुक्काम करावा का?

करावा, पण वाळूवर नाही, वाळूच्या मागे. भरती दिवसातून साधारण दोनदा येते आणि दोन भरतींमध्ये सुमारे १२ तास २५ मिनिटांचं अंतर असतं, त्यामुळे तिची वेळ रोज पुढे सरकते. अमावास्या-पौर्णिमेच्या सुमारास उधाणाची भरती येते आणि पाणी नेहमीच्या रेषेच्या बरंच वर चढतं. सुकलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची सगळ्यात वरची रेघ शोधा आणि तिच्याही बऱ्याच वर राहा.

वाळूत साधी मेख धरत नाही. पिशवीत वाळू भरून, तिला तणावा बांधून ती पुरावी लागते. दिवसा वारा समुद्राकडून येतो, रात्री बहुधा जमिनीकडून. दुपारी आडोसा वाटलेली बाजू रात्री उघडी पडते. परतल्यावर गाडीचा खालचा सांगाडा आणि जोडणीचा भाग गोड्या पाण्याने धुवा, खाऱ्या हवेचा गंज पटकन धरतो.

उंच डोंगरातलं ठिकाण निवडताना काय बघायचं?

दर १००० मीटरला तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरतं. पायथ्याशी रात्री १५ अंश असतील तर २००० मीटर वर दोनच अंश उरतात, आणि तेही वारा नसताना.

गॅसचा विचार इथेच करा. ब्युटेन उणे अर्ध्या अंशाच्या सुमाराला उकळतो. त्याखाली तो सिलिंडरात द्रवच राहतो आणि शेगडी पेटत नाही. प्रोपेन उणे ४२ अंशांपर्यंत वायू होत राहतो. थंडीत उंचावर जाणाऱ्यांनी प्रोपेन, किंवा ज्यात प्रोपेन पुरेसा आहे असं मिश्रण घ्यावं. आणि गारठा कितीही असो, पेटती शेगडी किंवा निखारे उबेसाठी तंबूत किंवा बंद गाडीत घेऊ नयेत. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. झोपलेल्या माणसाला तो जागं होऊ देत नाही.

साधारण २५०० मीटरच्या वर विरळ हवेचा त्रास होऊ शकतो : डोकेदुखी, मळमळ, झोप न लागणं. ३००० मीटरच्या वर झोपायची उंची एका दिवसात ५०० मीटरपेक्षा जास्त वाढवू नये असा गिर्यारोहणातला दंडक आहे. गाडी दोन तासांत जी उंची गाठते ती शरीराला दोन-तीन दिवस मागते, म्हणून मधला मुक्काम आखा. दिवसा वर फिरून या, झोपायला खाली या.

सोयींचा तळ घ्यावा की मोकळ्या रानात राहावं?

दोन्ही घ्यावेत, आलटून पालटून. दोन-तीन रात्री रानात, मग एक रात्र तळावर : आंघोळ, कपडे, टाक्या, बॅटरी सगळं मार्गी लागतं.

मोकळ्या रानाबद्दल एक गैरसमज वारंवार ऐकू येतो की, "अमुक देशात कुठेही राहता येतं." नॉर्वेत १९५७ च्या कायद्याने बिनशेतीच्या रानात तंबू लावायचा हक्क दिला आहे, पण वस्तीच्या घरापासून निदान १५० मीटर लांब. स्कॉटलंडमध्ये २००३ च्या कायद्याने रानात जाण्याचा हक्क मिळतो, मात्र मोटारगाडीला तो लागू नाही. हे हक्क पायी जाणाऱ्याचे आहेत, गाडी रानात घालण्याचे नाहीत. न्यूझीलंडमध्ये अशा मुक्कामासाठी २०११ पासून वेगळा कायदा आहे आणि २०२३ च्या दुरुस्तीने गाडीत पक्कं बसवलेलं शौचालय असण्यावर भर दिला आहे. अमेरिकेत केंद्र सरकारच्या पुष्कळशा मोकळ्या जमिनींवर एका जागी १४ दिवसांपर्यंत राहता येतं. एका देशाचा नियम दुसऱ्या देशात चालत नाही, कधी कधी शेजारच्या तालुक्यातही चालत नाही. स्थानिक प्रशासनाचं संकेतस्थळ आणि जागेवरची पाटी, दोन्ही वाचा.

पाणी आणि विजेचा ठिकाणाशी काय संबंध?

मार्ग खरा तर तेच आखतात. काटकसरीने वापरलं तरी पिणं, स्वयंपाक, भांडी, हात-पाय धुणं मिळून माणशी रोज १५ लिटर सहज लागतं. चौघांना ६० झाले. १०० लिटरची टाकी दोन दिवसही पुरत नाही. आणि १०० लिटर म्हणजे १०० किलो; दोनशे किलोमीटर ते ओझं ओढून नेण्यापेक्षा मुक्कामाच्या जवळ पाणी कुठे भरता येतं हे शोधून ठेवावं. नकाशावर आधी पाणी भरायच्या आणि सांडपाणी ओतायच्या जागा खुणा करून घ्या, मग त्यांच्यामधल्या सुंदर जागा शोधा. शौचालयाची टाकी ठरलेल्या जागीच रिकामी करायची. ओढ्यात, रस्त्याकडेच्या गटारात कधीच नाही.

विजेचं त्रांगडं असं की पॅनलला ऊन हवं आणि आपल्याला सावली. पॅनलच्या कोपऱ्यावर फांदीची सावली पडली तरी वीज चांगलीच घटते. उन्हाळ्यात मी गाडी सावलीत ठेवतो आणि लांब वायरचं घडीचं पॅनल बाहेर उन्हात मांडतो.

कुठला महिना निवडावा?

गर्दीचा हंगाम सुरू व्हायच्या आधीचे किंवा संपल्यानंतरचे तीन-चार आठवडे. शाळांच्या सुट्ट्या फक्त आपल्या बघू नका, जिथे जायचं तिथल्याही बघा.

हवामानाच्या तक्त्यात सगळे दिवसाचं कमाल तापमान वाचतात. तुम्ही रात्रीचं किमान तापमान, वाऱ्याचा वेग आणि पावसाचे दिवस वाचा. महिन्यात १०० मिलिमीटर पाऊस दोन दिवसांत पडतो की वीस दिवस झिमझिमतो, यावर सुट्टी ठरते. उंच खिंडी बर्फाने कधी बंद होतात आणि कधी उघडतात, डासांचा हंगाम कधी, वणव्यांचा कधी, हेही विचारून घ्या.

तारे बघायचे असतील तर अमावास्येच्या अलीकडचा-पलीकडचा आठवडा धरा. मात्र उत्तरेकडे खूप वर गेलात तर भर उन्हाळ्यात रात्र काळोखी होतच नाही. तिथे तारे दिसणार नाहीत आणि लहान मुलं झोपणार नाहीत. जाड काळे पडदे न्यावे लागतात.

लहान मुलं किंवा वयस्कर माणसं सोबत असतील तर?

रात्री दोन वाजता शौचालयापर्यंत किती पावलं चालावं लागेल, हा पहिला प्रश्न. फार जवळ असेल तर रात्रभर दाराचा आवाज आणि दिव्याचा उजेड. फार लांब असेल तर आजी पाणी प्यायचंच सोडून देतात. ५० ते ८० मीटरवर, सपाट वाटेने, असं जमलं तर उत्तम. पाण्याच्या काठाला लागून जागा घेऊ नका, मूल सकाळी सगळ्यांच्या आधी उठतं. दवाखाना किती दूर आहे आणि फोनला रेंज आहे का, हे ठिकाण ठरवतानाच बघायचं असतं.

जंगली प्राण्यांच्या प्रदेशात राहणं सुरक्षित आहे का?

तिथले नियम पाळले तर बहुतांशी आहे. प्राणी माणसासाठी येत नाहीत, अन्नाच्या वासाने येतात. अमेरिकेतल्या योसेमिटी राष्ट्रीय उद्यानात रात्री गाडीतसुद्धा अन्न ठेवायला मनाई आहे, कारण तिथल्या अस्वलांनी गाडीची दारं उचकटायची कला आत्मसात केली आहे. अन्न, टूथपेस्ट, साबण सगळं लोखंडी पेटीत ठेवायचं. उत्तर ऑस्ट्रेलियाच्या मगरींच्या प्रदेशात पाण्याच्या काठापासून निदान ५० मीटर दूर मुक्काम करायला सांगतात. रोज एकाच वेळी एकाच जागी पाण्यावर जाणंही टाळायचं, मगर पाळत ठेवते.

शेकोटीसाठी घरून लाकूड न्यावं का?

नको. लाकडातून किडीचा प्रवास होतो. उत्तर अमेरिकेत २००२ मध्ये सापडलेल्या हिरव्या भुंग्याने ॲश जातीची कोट्यवधी झाडं मारली, आणि तो दूरवर पसरण्यात जळाऊ लाकडाच्या वाहतुकीचा मोठा हात होता. लाकूड तिथलंच घ्या. त्या दिवशी शेकोटीला बंदी आहे का, तेही रोज सकाळी बघा.

सगळं आधी आरक्षित करावं का?

पहिली रात्र आणि शनिवार-रविवार, एवढं नक्की करा. बाकी सैल ठेवा, म्हणजे आवडलेल्या जागी एक दिवस वाढवता येतो. आरक्षण फोनवर करा आणि नेमकं विचारा : जागेची लांबी किती, जमीन गवताची की खडीची, सपाट आहे की उताराची, आत वळताना झाडं आडवी येतात का, पाऊस झाला तर गाड्या रुततात का. शेवटच्या प्रश्नावर समोरचा क्षणभर थांबला, तर दुसरी जागा शोधा.

प्रसिद्ध ठिकाणाच्या अगदी जवळ राहावं का?

तीस-चाळीस किलोमीटर अलीकडे राहा आणि पहाटे निघून गर्दीच्या आधी तिथे पोहोचा.

आम्ही पहिल्यांदाच निघतोय. कुठे जावं?

घरापासून दोन तासांच्या आत, सोयी असलेल्या तळावर, दोन रात्री. काय विसरलं, काय जास्त झालं, कोणाला कशाचा त्रास होतो हे तिथे कळतं आणि गरज पडली तर रात्री घरी परतता येतं. पावसाचा अंदाज असेल तरी बेत रद्द करू नका. तंबू कुठे गळतो हे घराजवळच कळलेलं बरं.

पोहोचल्यावर जागा मनाला पटली नाही तर?

निघा. आधी गाडीतून उतरा आणि पायी एक फेरी मारा. उतार, फांद्या, ओल, वारा, शेजार सगळं बघा. कॅरॅव्हॅन सोडायच्या आधी हे करायचं, कारण एकदा सामान मांडलं की माणूस स्वतःची समजूत घालू लागतो. बेत आखतानाच तासाभराच्या अंतरावरची दुसरी जागा हेरून ठेवलेली असावी.

वेळ आहे की नाही हे घड्याळाशिवायही कळतं. हात पूर्ण लांब करून, तळवा आपल्याकडे ठेवून, आडवी बोटं क्षितिज आणि सूर्य यांच्यामध्ये धरा. एका बोटाला साधारण १५ मिनिटं, चार बोटांना एक तास. फार उत्तरेला किंवा दक्षिणेला सूर्य तिरका मावळतो, तिथे थोडा जास्त वेळ मिळतो. आठ बोटं बसत असतील तर दुसरी जागा उजेडात गाठता येईल. चारच बसली तर तिथेच, त्यातल्या त्यात उंच आणि कोरडी बाजू धरा, गाडीचं तोंड बाहेर पडायच्या दिशेला करा, जेवण साधं ठेवा आणि सकाळी लवकर निघा.